विमानापुढची रांगोळी

आमच्या कॉलेजात एक विमान होतं. ते उडत नव्हतं, ही गोष्ट बाहेरच्या फलकावर लिहिलेली नव्हती. फलकावर ढग होते, ढगांतून वर निघालेलं एक भलंमोठं जेट होतं, आणि जेटच्या खाली चेअरमनसाहेबांचा पांढऱ्या गणवेशातला फोटो होता, खांद्यावर सोनेरी पट्ट्यांसकट. त्या पट्ट्या साहेबांना कुणी दिल्या, असं मी पहिल्याच वर्षी सावंत सरांना भाबडेपणाने विचारलं होतं. सर म्हणाले, "शिंप्याने." सरांचा मला आठवणारा हा एकमेव विनोद. साहेबांचं एक लग्नाचं सभागृह होतं, एक इंग्रजी शाळा होती, आणि वसई पूर्वेला कारखान्यांच्या वस्तीत दोन गाळे जोडून उभं केलेलं हे विमानदुरुस्तीचं कॉलेज होतं. तिन्ही ठिकाणच्या प्लास्टिकच्या खुर्च्या एकच होत्या. लग्नाची मोठी तारीख असली की आम्ही जमिनीवर बसून शिकायचो, आणि दुसऱ्या दिवशी खुर्च्या परत आल्या की त्यांना श्रीखंडाचा वास यायचा.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे कॉलेज कसं असायला हवं याचं माप घरात कुणाकडे नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. प्रवेशाच्या दिवशी साहेबांनी आई-बाबांना स्वतः मागच्या अंगणात नेलं. पत्र्याच्या शेडखाली ते विमान उभं होतं. चार माणसं बसतील एवढं, छपरावर पंख, नाकावर दोन पात्यांचा पंखा. साहेबांनी काळा चष्मा कपाळावर सरकवला, पातं दोन्ही हातांनी धरलं आणि अर्धा फेरा ओढलं. आतून काहीतरी घोगरं कण्हलं. "बघा," साहेब म्हणाले, "मशीन एकदम जिवंत!" बाबांनी हात जोडले. साहेबांना नाही, विमानाला.

प्रवेशाच्या दिवसांत प्रत्येक पालकासाठी हा अर्धा फेरा व्हायचा. पुढे सावंत सरांनीच आम्हाला शिकवलं की न चालणाऱ्या इंजिनाच्या आत तेलाचा एक पातळ थर असतो, गंजापासून त्याला तेवढाच काय तो आधार, आणि नुसतं हाताने पातं फिरवलं की तो थर खरवडून निघतो. त्यात आमच्याकडे खाडीची हवा, लोखंडी खिळाही पावसाळ्याआधी लाल होतो. सर हे फळ्यावर लिहीत होते त्याच वेळी खिडकीबाहेर साहेब कुणा नव्या पालकांना म्हणत होते, "मशीन एकदम जिवंत!" सर थांबले. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. मग वळून फळ्यावरचं वाक्य पूर्ण केलं. वयानुसार माणूस क्षमाशील होतो असं म्हणतात. मी चाळिशी ओलांडली, वाचायला चष्मा लागला, पण साहेबांविषयीचं माझं मत तसूभरही सुधारलेलं नाही. सरांविषयीचं तर, खरं सांगायचं तर, थोडं बिघडलंच आहे.

आता घराविषयी सांगायला हवं, कारण नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही जूचंद्रचे, आगरी. गावात दिवाळीला रांगोळीची प्रदर्शनं भरतात. ठिपके जोडून काढायची उंबऱ्यापुढची रांगोळी नव्हे, माणसांचे चेहरे, इतके हुबेहूब की लोक वाकून बघतात आणि फोटो आहे म्हणून भांडतात. बाबा दिवसभर विटांचा टेम्पो चालवायचे, आणि दसरा झाला की संध्याकाळी ओट्यावर उकिडवे बसून चिमटीतून पांढरी भुकटी सोडत राहायचे. विटा उचलून राकट झालेली ती बोटं. त्यांतून गालाची सावली अशी उतरायची की वाटावं, कुणी फुंकर मारली आणि गाल झाला. आमच्या घराचा आवाज म्हणजे चाळणीचा आवाज. आई रंग कालवायची, जुन्या कागदांवर वाळवायची आणि मग चाळत बसायची, सर्र सर्र, सर्र सर्र. भुकटी सगळीकडे असायची. पाण्याच्या हंड्यावर, माझ्या वह्यांवर, देवाच्या फोटोच्या काचेवर. खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण आणि तांदळाची भाकरी घेऊन बसलो की दाताखाली कच्च वाजायचं, आणि आई बाबांकडे न बघता म्हणायची, "भाकरी कनची नि रांगोली कनची, या घरान कलतंच नाय."

एका वर्षी बाबांनी घट्ट झालेला निळा रंग बारीक करायला आईच्या मिक्सरमध्ये टाकला. मिक्सर फिरला, मग किंचाळला, मग गप्प झाला. नायगावच्या दुरुस्तीवाल्याने तो उघडला आणि विचारलं, "काय दळलंत हो यात? दगड?" बाबा म्हणाले, "रांगोली." तो म्हणाला, "मग दगडच की." त्याने आतला पितळी तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. एका बाजूने तो उंदराने कुरतडल्यासारखा झिजला होता. नवा मिक्सर येईपर्यंत आई पाट्यावर मसाला वाटत होती, आणि वरवंट्याच्या प्रत्येक फेऱ्याला बाबांना एक टोमणा मिळत होता.

आणखी एक रीत होती आमच्या घरात. गावात सगळीकडे होती की आमच्याच घरात, मला नक्की माहीत नाही. ज्याने रांगोळी काढली त्याने ती झाडायची नाही. प्रदर्शन संपलं की झाडायचं काम घरातल्या सगळ्यांत लहान माणसाचं, म्हणजे माझं. आणि सुरुवात डोळ्यांपासून करायची. बाबा डोळे सगळ्यांत शेवटी काढायचे. ते काढले की चेहरा बघायला लागतो, म्हणून झाडताना आधी डोळे घ्यायचे, म्हणजे बाकीची फक्त भुकटी उरते. लहानपणी मला याची भीती वाटायची. बाबा तेव्हा पाठ फिरवून बिडी ओढत उभे राहायचे.

तर त्या विमानाचं इंजिन एके दिवशी अडकलं. साहेब एका पालकासाठी पातं ओढायला गेले आणि पातं हललंच नाही. त्यांनी जोर लावला, मग इकडेतिकडे बघून गुडघा लावला. त्या गृहस्थांनी हळूच विचारलं, "बंद पडलं का?" "छे छे, लॉक केलंय," साहेब म्हणाले. "सेफ्टी!" आम्ही खिडकीतून बघत होतो. माझ्या शेजारी राजोडीचा रॉनी बसायचा. तो म्हणाला, "मेलं बिचारं. लोकांना दाखवून दाखवून मेलं."

हसण्यासारखी गोष्ट होती, पण हसून भागणार नव्हतं. कॉलेजला मान्यता देणाऱ्या खात्याची माणसं पाहणीला येणार होती, आणि चालू स्थितीतलं इंजिन असल्याशिवाय आमच्या तुकडीचं प्रात्यक्षिक धरलं जाणार नव्हतं. म्हणजे दोन वर्षं फुकट. इतर मुलांच्या घरी त्यावर काही उपाय असेल, माझ्या घरी नव्हता. काका आधीच बाबांना विचारायचे, "पोरीला इमान शिकवून करनार काय? खाडीवर उडवनार?" साहेबांनी कुठल्याशा उड्डाण क्लबने उतरवून ठेवलेलं एक इंजिन मिळवलं. जुनं होतं, पण चालत होतं. आणि असं दुसरं मिळणार नाही हे त्यांनी आम्हाला इतक्यांदा ऐकवलं, जणू ते आम्हीच मोडलं होतं.

लाकडी खोक्यातून ते आलं त्या दिवसापासून पुढचे पंधरा-वीस दिवस मी माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांत धरते. तिरस्कार करायला त्या दिवसांत मला फारसा वेळच मिळाला नाही. इंजिनाच्या भोकांत पारदर्शक बुचं बसवलेली होती आणि त्यांच्यात निळे खडे होते. सर म्हणाले, दमट हवा आत शिरली की हे गुलाबी होतात. रोज सकाळी आल्याआल्या मी आधी ते निळे आहेत ना हे बघायची. आम्ही जुन्या इंजिनावरचं झाकण उतरवलं, काळंकुट्ट तेल काढलं, पंखा उतरवून लग्नाच्या सभागृहातल्या गादीवर निजवला. एकेक तार, एकेक नळी सोडवायच्या आधी तिला चिकटपट्टी लावून त्यावर नाव लिहायचं. रॉनी एका नळीवर "नवऱ्याची आत्या" असं लिहून मोकळा झाला आणि सरांनी त्याला ती पुन्हा लिहायला लावली. सरांची कामाची शिस्त मात्र खरी होती, ती त्यांच्याकडून काढून घेता येणार नाही. काम संपलं की ते आम्हाला ओळीने उभे करायचे आणि विमानाच्या पुढची जमीन वेचायला लावायचे. खडा, नटबोल्ट, बाटलीचं झाकण, काही म्हणजे काही राहता कामा नये. पंखा फिरला की पुढचं सगळं ओढून घेतो, जे आत जातं ते इंजिनाला खातं. त्याला आम्ही 'वेचणी' म्हणायचो. मला ते तांदूळ निवडण्यासारखं सोपं वाटायचं. शहरातल्या मुलांना कमरेत कळ यायची.

इंजिन काढायच्या आधी सरांनी शेपटीखाली एक पिंप आणि त्यावर पोतं असा टेकू लावून घेतला होता. नाकातलं वजन गेलं की विमान मागे शेपटीवर बसतं. जुनं इंजिन चेन ब्लॉकच्या साखळीला लटकून बाजूला झालं, आणि नेमके तेव्हा साहेब फोटोवाल्याला घेऊन आले. त्यांना ते पिंप दिसायला बरं वाटेना. "काढा ते, फोटोत घाण दिसतंय." सर म्हणाले, "साहेब, ते जरा..." आणि गप्प झाले. शिपायाने पिंप ओढलं. विमान सावकाश, एखाद्या म्हाताऱ्या बाईने जमिनीवर बसावं तसं मागे टेकलं आणि शेपटी फरशीवर धाडकन आपटली. साहेबांनी मान तिरकी करून पाहिलं. नाक वर झालं होतं. "हे तर आणखी बेस्ट," ते म्हणाले. "टेकऑफ घेतल्यासारखं वाटतंय. घ्या फोटो!" फोटो झाल्यावर आम्ही सगळ्यांनी मिळून शेपटी उचलली, सरांनी चेपलेला पत्रा हाताने चाचपला, आणि त्यावर एक शब्दही बोलले नाहीत. खूप वर्षांनी मला एक शब्द सापडला त्यांच्यासाठी. सहनशील नव्हे. सोयीस्कर.

नवं इंजिन चार बोल्टांवर बसतं, चारीखाली रबराच्या जाड चकत्या. मागचा खालचा बोल्ट कुणाच्याच हाताला येईना. माझा हात बारीक, तो गेला. मी आडवी पडून, न दिसणाऱ्या जागी बोटांनी चाचपत होते, वर साखळीला इंजिन केसभर हलत होतं, आणि सर बॅटरीचा उजेड धरून म्हणत होते, "हळू, म्हात्रे. जबरदस्ती नको. त्याला यायला वेळ दे." तो आला. भोकात भोक बसलं, बोल्ट सरकला, आणि मला विनाकारण रडू आलं. बोटांवर तेल होतं म्हणून डोळे पुसताही येईनात. मग नळ्या, तारा, पंखा. शेवटी ठिणगी न देता इंजिन नुसतं फिरवून बघितलं आणि तेलाच्या दाबाचा काटा हलला. आता फक्त सुरू करायचं राहिलं होतं. पण साहेबांनी बजावलं, पहिली सुरुवात पाहुण्यांसमोरच. खात्याच्या पाहणीच्या दिवशीच त्यांनी समारंभ ठेवला होता. मंडप, लाल गालिचा, राजकारणातले कुणी पाहुणे आणि श्रीखंडाच्या वासाच्या खुर्च्या.

समारंभाच्या दोन दिवस आधी त्यांना कुणीतरी सांगितलं की मी जूचंद्रची. "अरे, म्हणजे तुम्ही रांगोळीवाले!" त्यांनी बाबांना बोलावून घेतलं. विमानाच्या बरोबर नाकापुढे रांगोळी हवी होती, साहेबांच्या स्वतःच्या चेहऱ्याची, डोक्यावर वैमानिकाची टोपी. हनुवटी जरा कमी करा, केस काळे ठेवा. फोटोत वर विमान आणि खाली साहेब, दोघंही आले पाहिजेत. बाबा आनंदाने फुलून घरी आले. मुलीच्या कॉलेजने बोलावलं होतं त्यांना. तोवर त्यांना ओळखणारं कुणी गावाबाहेर नव्हतं. आई बोंबील भाजत होती, तिने मागे वळूनही पाहिलं नाही. "मेल्याला आरसा नाय का घरान? जमिनीवर कनाला बगतंय सोताचं तोंड?"

"पाव्हने येनार हाएत गो," बाबा म्हणाले.

"मंग पाव्हन्यांचं तोंड काढ."

मी बाबांना विचारलं, सुरू करायच्या आधी रांगोळी झाडणार ना? त्यांना माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी सरांना गाठलं. म्हटलं, "सर, रांगोळी पंख्यापुढेच आहे. वेचणी कधी करायची?" सर म्हणाले, "मी बोलतो साहेबांशी." मी निश्चिंत झाले. सरांच्या तोंडून ते वाक्य मी आधीही ऐकलं होतं, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं.

समारंभाच्या दिवशी बाबा पहाटेपासून विमानाच्या नाकाखाली बसले होते. दुपारी मी गेले तर चेहरा पूर्ण होत आला होता, आणि तो उत्तम होता, हीच त्यातली वाईट गोष्ट. साहेबांच्या चेहऱ्यात नसलेलं काहीतरी बाबांनी त्यात घातलं होतं. एक भारदस्त दयाळूपणा. इतका चांगला माणूस असता तर मी त्याला जन्मभर मानलं असतं. बाबांनी डोळे काढले, उठले, कमरेवर हात ठेवून दोरीपलीकडे जाऊन उभे राहिले. त्यांची बोटं मनगटापर्यंत पांढरी होती. लोक येऊन वाकून बघत होते. खात्याचे दोघं चहा पीत फोनवर बोलत होते. साहेब स्वतःच्या चेहऱ्याभोवती अशा बेताने फिरत होते की सावली त्यावर पडू नये.

मी त्यांच्यापाशी गेले. मोठ्या माणसांशी बोलताना माझा आवाज अजूनही बसतो, तेव्हा तर बसायचाच. म्हटलं, "साहेब, रांगोळी दगडाची असते. पंखा फिरला की ती सगळी आत जाईल."

"अगं, गाळणी असते ना त्याला?"

"असते, पण चाचणीत एक दांडी ओढावी लागते, तेव्हा हवा गाळणीतून जात नाही. सरळ जाते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हे कुठे शिकले असेन असा प्रश्न त्यांना पडला असावा. त्यांच्याच कॉलेजात शिकले होते. "रांगोळी शुभ असते, बाळ," ते म्हणाले. "आणि तुझ्याच वडिलांनी काढलीय. तुलाच किंमत नाही? जा, तुझ्या जागेवर उभी राहा."

माझी जागा विमानासमोर, जरा बाजूला, हातात आग विझवायचं नळकांडं घेऊन. सुरू करणारा आतून ओरडतो, "क्लिअर?" आणि बाहेरचा माणूस पंख्यापुढे काहीही नाही हे डोळ्यांनी बघून उत्तर देतो, "क्लिअर." ते उत्तर आल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. हे सरांनीच आम्हाला शिकवलं होतं, पन्नासदा घोकून घेतलं होतं. आता सर आत बसले होते. काचेतून त्यांनी आधी रांगोळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता उतरतील. त्यांनी नजर खाली काट्यांच्या तबकड्यांकडे वळवली, खिडकी उघडली आणि ओरडले, "क्लिअर?"

एका फेरीत इंजिन मेलं असतं असं मी छातीठोकपणे सांगत नाही. आज माझ्या हाताखाली शिकणारी मुलं विचारतात, तेव्हाही मी तसं म्हणत नाही. पण पहिलं इंजिनही एका दिवसात मेलं नव्हतं. ते अर्ध्या अर्ध्या फेऱ्याने मेलं होतं, दर वेळी कुणीतरी हसत होतं आणि कुणीतरी फळ्याकडे तोंड करून उभं होतं. माझ्या तळहातावर मला तो मिक्सरमधला कुरतडलेला पितळी तुकडा जाणवला. पुन्हा आवाज आला, "म्हात्रे, क्लिअर?" सगळ्या मंडपाला ऐकू गेला. मला फक्त एक शब्द म्हणायचा होता. बाकी सगळे तो म्हणूनच बसले होते.

मी म्हटलं, "नाही."

मी मोठ्याने बोलले नव्हते, पण शांतता होती. मी नळकांडं खाली ठेवलं, शेडच्या कोपऱ्यातला झाडू आणला आणि रांगोळीपाशी येऊन थांबले. पुढे मात्र हात चालेना. समोर तो चेहरा बघत होता. साहेबांचा म्हणून मी तो सहज झाडला असता. तो बाबांचा होता. पहाटेपासूनची त्यांची कंबर त्यात होती, गावाबाहेरचा त्यांचा पहिला मान त्यात होता. मी दोरीकडे पाहिलं. बाबांचा चेहरा पडला होता, त्यांना काय चाललंय ते धड कळलंही नसावं. मग त्यांनी पंख्याकडे पाहिलं, खालच्या भुकटीकडे पाहिलं, आणि मला वाटतं, त्यांनाही मिक्सर आठवला. ते हळूच म्हणाले, घरात म्हणायचे तसंच, "डोल्यांपासून घे, बाय." आणि पाठ फिरवली.

मी डोळ्यांपासून घेतलं. मग नाक, टोपी, ती कमी केलेली हनुवटी. रॉनी न सांगता बादली आणि ओलं पोतं घेऊन आला आणि माझ्यामागून फरशी पुसू लागला. "साहेबांना पुसतोय रे," तो पुटपुटला, "एवढं पुण्य आमच्या घराण्यात कुणी केलं नाही." मग एकेक करून सगळी तुकडी ओळीत उतरली आणि वाकून वेचायला लागली. मंडपात कुजबुज सुरू झाली. साहेबांचं तोंड आधी पांढरं झालं, मग लाल. मी मनाशी म्हटलं, गेलं कॉलेज. खात्याच्या दोघांपैकी एकाने फोन खाली ठेवला आणि पहिल्यांदाच आमच्याकडे नीट पाहिलं. साहेबांनी ते पाहिलं. मी त्यांच्या चेहऱ्यावर तो विचार येताना बघितला, दुकानाचं शटर वर जावं तसा. त्यांनी माईक उचलला आणि म्हणाले, "मित्रहो, ही आमच्या संस्थेची शिस्त! चेअरमनचा फोटो असला तरी सेफ्टी फर्स्ट! आमच्या मुलींना आम्ही हेच शिकवतो." टाळ्या पडल्या. ते वाकून हसले. त्या क्षणी मला त्यांच्याविषयी जे वाटलं त्याला राग म्हणता येणार नाही. रागात समोरच्या माणसाला थोडं तरी मोजलेलं असतं.

जमीन ओली, स्वच्छ होती. मी जागेवर आले. सरांनी तिसऱ्यांदा विचारलं, त्यांचा आवाज बारीक आला. मी म्हटलं, "क्लिअर."

पातं एकदा फिरलं, अडखळलं, खोकलं. निळा धूर आला. मग इंजिनाने सूर धरला. छातीच्या पिंजऱ्यात कुणी ताशा वाजवावा तसा आवाज शेडच्या पत्र्यात भरला, मंडपाची झालर उडाली, पाहुण्यांनी डोक्यावरचे फेटे हाताने धरले, आणि ते न उडणारं विमान चाकाखालच्या ठोकळ्यांना रेटत थरथरत उभं राहिलं. मागचा खालचा बोल्ट माझा होता. तो तिथे, न दिसणाऱ्या जागी, ते सगळं धरून होता. जगातल्या बहुतेक गोष्टींची मला किंमत वाटेनाशी झाली होती त्या दुपारी. ही एक उरली.

संध्याकाळी सर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "बरं केलंस, म्हात्रे." माझ्या जिभेवर आलेली वाक्यं त्यांच्याकडूनच शिकलेली होती, ती त्यांना परत काय द्यायची? घरी आईने भाकऱ्या वाढल्या. गावात बातमी आमच्याआधी पोचली होती. "बापाची मेहनत झारून आली," ती म्हणाली. बाबा जेवता जेवता म्हणाले, "मीच सांगितलं तिला." मग हात धुता धुता, "तोंड बरं आलतं पन."

आमच्या तुकडीचं प्रात्यक्षिक धरलं गेलं. आणि पावसाळ्यानंतर महामार्गाच्या वळणावर कॉलेजचा नवा फलक लागला. ढग तेच, जेट तेच, साहेबांचा फोटो आधीपेक्षा मोठा. खाली डाव्या कोपऱ्यात आमचं विमान होतं आणि त्यापुढे अर्धवट झाडलेल्या चेहऱ्यावर वाकून झाडणारी एक मुलगी, पाठमोरी. खाली 'सुरक्षितता हीच आमची परंपरा' असं लिहिलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं. गावात काकांनी आल्यागेल्याला सांगायला सुरुवात केली, "इमान शिकाला गेलती, झाडू मारतंय." मी त्या रस्त्याने जाणंच टाळायला लागले. पण एकदा बाबांनी मला टेम्पोत बसवलं आणि नेमकं तिथेच गाडी बाजूला घेतली. खिडकीतून मान बाहेर काढून ते तो फलक बघत राहिले. प्रदर्शनात दुसऱ्याची रांगोळी बघायचे तसे, एक डोळा बारीक करून. साहेबांच्या त्या खऱ्याखुऱ्या छापील फोटोकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"नाक नाय जमलं यांना," ते म्हणाले. "आपलं बरं होतं."

मला हसू आलं. मग त्यांची नजर खाली कोपऱ्यात गेली. मी मान वळवून मागच्या विटांकडे बघत बसले.

"तुजं तोंड नाय दिसत," बाबा म्हणाले. गाडी सुरू करता करता त्यांनी पुन्हा एकदा वर पाहिलं. "पन डोल्यांपासून घेतलंस, ते दिसतंय."